तळ्याकाठचं स्थळ

रत्नागिरी,
८ फेब्रुवारी १९३५

चि. काशीराम,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी बातमी. तू आणि केरू मंगळवारी रात्री बोरीबंदरला वऱ्हाडच्या गाडीत बसलात. हे तू मला कळवायचं, ते मला केरूच्या आईकडून कळलं. ठमाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी काल इथे आली. हर्णैला बोटीत चढली, तर तिचा पुतण्या त्याच बोटीवर खलाशी. त्याने स्वतः तुमची वळकटी डब्यात चढवली म्हणे. तेव्हा बातमी पक्की आहे. केरूने सोबत मासे धरायचा गळ घेतलाय, हेही तिने कौतुकाने सांगितलं.

तू राहीसाठी स्थळ बघायला गेला आहेस. तुमच्या कारखान्यातल्या दाजीचा भाचा, खंडू. लोणारच्या तळ्याकाठचं गाव, आणि तळं कधी आटत नाही. एवढ्यावर तू निघालास ना? तुझी जनी आपल्या अलोऱ्याच्या घाटीवर भरल्या हंड्यांनिशी पडली आणि त्या दुखण्यातच गेली, तेव्हापासून तुझं एकच म्हणणं आहे, पोर पाण्याच्या गावात द्यायची. ते मला कळतं. पण राहीला मी वाढवली आहे. निघण्याआधी चार ओळी टाकल्या असत्यास तर मी काही गाडी अडवली नसती.

लोणारचं तळं आमच्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात पाणी साचून झालेलं, असं त्यात लिहिलंय. पुढे काही नाही. मी ते राहीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आत्ये, बाबा मला थेट चुलीतच देतायत काय गो?"

आता ऐक. पाणी किती आहे हे पुरुष बघतात. तू ते पाणी घरात कोण आणतं आणि कुठून आणतं ते बघ. सकाळी लवकर पाणवठ्यावर जाऊन बस, काही विचारू नकोस, नुसता बस. आणि मला विचारल्याशिवाय सुपारी फोडू नकोस.

दाजीच्या भावाचं लोणारात धारेपाशी दुकान आहे, असं ठमाबाईकडून कळलं. त्याच पत्त्यावर हे पाठवते. पोरगी सतरा वर्षांची आहे, घाई नाही. तुम्हा दोघांना आशीर्वाद.

गोदा

लोणार,
१० फेब्रुवारी १९३५

गोदाबाय,

तुझ्या पाया पडतो. न सांगता आलो म्हणून रागावली असशील. दाजी म्हणाला, सुगी संपत आलीय, आत्ता जा, माणसं घरी सापडतील. एकदम ठरलं.

मलकापूरला उतरलो. तिथून मोटारीने बुलढाणा, चिखली करत मेहकर. पुढे छकडा. बाय, इथली जमीन काळी, डांबरासारखी. कातळ कुठे दिसत नाही. डोळा जाईल तिथवर ज्वारी, आणि आभाळ एवढं मोठं की केरू म्हणाला, दर्यावर आल्यासारखं वाटतं, फक्त हलत नाही. जेवायला भाकरी, वांगं आणि ठेचा. पहिल्या दिवशी केरूने माशाचं नाव काढलं, तेव्हा दाजीच्या भावाच्या घरातल्या बायका तोंडाला पदर लावून आत गेल्या.

तळं पाहिलं. गाव वर कडेला आहे आणि तळं खाली, मोठ्या परातीच्या तळाशी असावं तसं. चारी बाजूंनी उतार आणि त्यावर झाडी. पाणी विचारशील तर आपली खाडी भरतीला दिसते तेवढं. भर दुष्काळातही ते आटलं नाही, असं म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं. वर देवळापाशी गोमुखातून बारा महिने धार पडते. ते पाणी मी ओंजळीने प्यायलो. गोड आहे, थंड आहे.

खंडू आम्हाला घ्यायला मेहकरला आला होता. उंच आहे, बोलायला कमी. आमची दोन्ही गाठोडी त्याने विचारल्याशिवाय उचलली. घरी तो आणि आई, गंगुबाई. वडील नाहीत. थोडी जमीन, एक बैलजोडी. त्यांचं गाव पळसखेड, इथून जवळच. परवा तिकडे जाणार.

माझं मन बसतंय, बाय. तू राहीच्या कानावर घाल.

तुझा काशीराम

लोणार,
११ फेब्रुवारी १९३५

गोदाबाईंना केरूचा रामराम.

काशीरामचं पत्र टपालात मी टाकलं. टाकण्याआधी विचारलं, "तळ्याच्या पाण्याचं लिहिलंस ना?" म्हणाला, लिहिलं. "कसं आहे ते लिहिलंस?" तेव्हा तो विडी पेटवायला लागला. म्हणून हे पत्र. त्याला ठाऊक नाही.

बाई, तळं खारं आहे.

मला वरूनच संशय आला होता. आम्हा दर्याकाठच्या बुरोंडीच्या माणसांना खारं पाणी नाकाने कळतं. पण हा वास दर्याचा नव्हता, नासक्या अंड्यासारखा होता. तरी मी गळ घेऊन खाली उतरलो, इतक्या लांब आणलाच होता म्हणून. पाणी हिरवं आणि हाताला साबणासारखं बुळबुळीत. गळ टाकून बसलो. एक धनगर शेळ्या घेऊन आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "काय धरता, बाप्पा?" मी म्हटलं, मासे. तो काठी टेकून खालीच बसला. पोटभर हसून झाल्यावर सांगितलं, या पाण्यात मासा सोडा, बेडूकसुद्धा नाही. काठावर पांढरा खार सुटतो तो लोक खरवडून नेतात. तुम्ही पापडाला घालता तो पापडखार म्हणे इथलाच.

काठावर कमळजादेवीचं देऊळ आहे, आणि तिथे एक विहीर. तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारं. मी तिथल्या बायकांना विचारलं, सासूची बाजू कुठली? एक म्हातारी म्हणाली, "तुमी कोनाकडून आले त्यावर हाय."

काशीरामने तळ्याचं पाणी जिभेला लावलं आणि दगडावर बसला. मला वाटलं, आता दाजीच्या नावाने शिव्या घालील. तर म्हणाला, "केरू, मी दाजीला आटतं काय एवढंच विचारलं रे. गोड हाय काय, हे विचारायचं माझ्या डोक्यातच नाही आलं."

दाजी खोटं बोलला नाही, बाई. त्याच्या मुलखात ते तळं खारं हे पोरासोरांना ठाऊक. तो मुद्दाम काय सांगणार? आणि आपल्याकडे खारं पाणी म्हणजे दर्या, त्याला तळं कोण म्हणतं? काशीराम मनात पाण्याची घागर घेऊन आला आणि इथे पापडखार निघाला.

मी म्हटलं, चल परत. तो म्हणाला, आलोच आहोत तर गाव बघू. धार गोड आहे हे खरं, पण ती लोणारची. पळसखेडला तिचा काही उपयोग नाही. मला वाटतं त्याला पोरगा आवडलाय आणि नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलंय. तुम्ही मोठ्या आहात, काय ते बघा. मी लिहिलं हे सांगू नका.

आईला सांगा गळ शाबूत आहे.

केरू

लोणार,
१३ फेब्रुवारी १९३५

गोदाबाय,

तुझं पत्र काल पळसखेडला निघताना मिळालं. ते वाचून खिशात ठेवलं आणि वाटेत पुन्हा वाचलं. मग केरूने आपण होऊन सांगितलं की त्याने तुला लिहिलंय. त्याच्या पोटात काही राहत नाही. तेव्हा तळ्याचं आता लपवत नाही. खारं आहे. मी तुला धारेचं गोड पाणी लिहिलं आणि तळ्याची चव लिहिली नाही. नकार येईल म्हणून भ्यायलो.

आता पळसखेड. तळं तिथून दिसतही नाही, मध्ये टेकाड आहे. गावाला एक विहीर. ती शिमग्यानंतर आटते. मग कोसभरावर एका मळ्यातल्या विहिरीवर जायचं. पोहऱ्याचा दोर गुंडाळून काठावर ठेवलेला पाहिला, बैल बांधायच्या दाव्यांची रास वाटली. अलोऱ्याला निदान नदी दिसते तरी. रात्री गंगुबाईंनी आग्रह करून जेवायला वाढलं, पण माझं लक्ष त्या दोरात होतं. मनाशी ठरवलं की सकाळी सांगायचं, जमत नाही.

सकाळी तू लिहिलंस तसा विहिरीपाशी पारावर जाऊन बसलो. केरूही होता. बायका येत होत्या, पाणी शेंदत होत्या. आम्हा दोघांना बघून बोलणं कमी झालं, मग आम्ही तिथे नाहीच असं समजून पुन्हा सुरू झालं. आणि त्या बायकांच्या मागे खंडू उभा, खांद्यावर कावड घेऊन. एकटा पुरुष. एक म्हणाली, "खंडू, लुगडं कवा नेसतू?" तो म्हणाला, "तुझं वाळलं का सांग." सगळ्या हसल्या. त्याची पाळी आली तेव्हा त्याने आधी एका गरोदर बाईची घागर भरून दिली आणि मग आपल्या.

गंगुबाईंचे गुडघे गेलेत. त्यांना उठताना दाराच्या चौकटीला धरावं लागतं. तेव्हापासून घरातलं सगळं पाणी खंडू आणतो. बाय, आपल्याकडे पुरुष बागेच्या शिपण्याला पाणी काढतो, गुरांना पाजतो. पण चुलीपाशी लागणारं पाणी पुरुषाने आणलेलं मी अलोऱ्यात पाहिलं नाही. मीही आणलं नाही. केरू म्हणाला, आमच्याकडे पुरुष आयुष्यभर पाण्यावर असतो, पण हंड्याला हात लावतो तो तहान लागली तरच.

मी त्या कावडीमागून घरापर्यंत चालत गेलो. ओटीवर बसून गंगुबाईंना सांगितलं की आमच्याकडून होय. सुपारी फोडली नाही, तेवढं तुझं ऐकलं. पण शब्द गेला आहे असं समज.

तळं बघायला आलो होतो, तळं गेलं. पण पाणी आणणारा मिळाला. उद्या निघतो. आता पत्र मुंबईच्या खोलीवर पाठव.

काशीराम

रत्नागिरी,
२० फेब्रुवारी १९३५

चि. काशीराम,

तुझी दोन आणि केरूचं एक, अशी तीन पत्रं दोन दिवसांत आली. पापडखाराचं वाचून मी आणि राही खूप हसलो. तू भ्यायलास म्हणून चव लिहिली नाहीस. एवढा का भितोस मला? मी काय छडी घेऊन लोणारला येणार होते?

शेवटचं पत्र मी राहीला सगळं वाचून दाखवलं. मुलगा मला बरा वाटतो. गरोदर बाईची घागर भरून दिली हे तू लिहिलंस, ते चांगलं केलंस. संध्याकाळी राही नारळ खवत बसली होती, खवणीवरून मान वर न करता म्हणाली, "आत्ये, त्यांच्याकडे सून नाही म्हणून तो पाणी आणतो. सून आल्यावर कोण आणणार?"

वर्गात कुणी असं विचारलं तर उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेता येते. घरात ते चालत नाही.

मग तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. तू होय म्हणालास, इथपर्यंत सगळं आहे. त्यावर गंगुबाई काय म्हणाली ते नाही. लेकाचं लग्न ठरतंय आणि आई गप्प बसली, असं होत नाही. ती काहीतरी बोललीच असेल. ते लिही. या वेळी चवीसकट लिही.

इकडे ठमाबाईच्या लेकीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. केरूला सांग.

गोदा

मुंबई,
२५ फेब्रुवारी १९३५

गोदाबाय,

तुझ्यापुढे काही लपत नाही, तरी मी लपवायला जातो.

मी होय म्हणालो तेव्हा गंगुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने पुसलं आणि म्हणाल्या, "बरं झालं, बाप्पा. आता सून आली का पोराची कावड खुटीले टांगते. लई हसले लोकं त्याले."

त्यात वाईट काही नव्हतं, बाय. लेकाची चेष्टा त्यांनी रोज ऐकलेली. उठता येत नाही म्हणून आत बसून ऐकलेली. सून म्हणजे त्यांना लेकाची सुटका वाटते. मी खंडूकडे पाहिलं. तो अंगणात बैल बांधत होता. ऐकलं असणार, पण दावं बांधून झाल्यावरही तो तिकडेच तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला सोडायला गाडीबरोबर मेहकरच्या वाटेपर्यंत चालत आला. शीव ओलांडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "कावड माह्या खांद्याच्या सवयीची हाय. मायचं मनावर घेऊ नका." केरूला सरळ बोललेलं लागतं. त्याने विचारलं, "म्हणजे लग्नानंतर पाणी तूच आणणार?" खंडू म्हणाला, "व्हय." एवढंच. मग गाडीवानाने बैल हाकले.

माझं समाधान झालं. तुला लिहिलं नाही, कारण आईचं बोलणं लिहिलं असतं तर तेवढंच धरून तू बसली असतीस. आता दोन्ही लिहिलंय. राहीला काय वाटतं ते कळव.

शिमग्याला येत नाही. सगळी रजा लोणारला खर्च झाली.

काशीराम

रत्नागिरी,
३ मार्च १९३५

ती. बाबा,

आत्या म्हणाली, तुझं तूच लिही. म्हणून लिहिते. अक्षर वाईट आलं तर तिच्या शाळेला दोष द्या.

तो होय म्हणाला, ते कोणासमोर म्हणाला? तुमच्यासमोर, केरूकाकांसमोर आणि गाडीवानासमोर. गावाची शीव ओलांडल्यावर. आईसमोर तो बैल बांधत होता.

पाणी आणायचं मला भय नाही. इथेही मीच आणते. मी आईसारखी पडेन, हे भय तुमचं आहे, बाबा. मला ते कळतं, पण माझं भय निराळं आहे. तो शिवेवर एक म्हणेल, घरात आई दुसरं म्हणेल, आणि मध्ये मी रिकामा हंडा घेऊन उभी राहीन. पाणी मी आणलं तर तो ओशाळेल, त्याने आणलं तर आई माझ्यावर रुसेल. लोक तर मलाच नावं ठेवतील की हिने नवऱ्याला पाण्याला लावला. रत्नागिरी तिथून इतकी लांब की मी रडले तरी तुम्हाला आठ दिवसांनी कळेल.

म्हणून माझं म्हणणं असं. त्या दोघांना इथे बोलवा. मुलगी बघायला मुलाकडचे येतात, तीच रीत आहे. आपणच उलटे गेलो. ते आले की मी विचारीन, त्याच्या आईसमोर. सून आली की ते सुनेचं काम, असं तो म्हणाला तरी मी रागावणार नाही. चहा देईन आणि नाही म्हणेन. दोघेही सुखी राहू.

पेठेत ज्वारीचं पीठ मिळालं. दोन भाकऱ्या केल्या, दोन्ही तव्यावर टाकताना मोडल्या. आत्याने तुकडे मुकाट्याने खाल्ले. हे त्यांना कळवू नका.

तुमची राही

मुंबई,
२८ मार्च १९३५

गोदाबाईंना केरूचा रामराम.

काशीरामचा हात यंत्रात थोडा कापला आहे, घाबरण्यासारखं नाही, पण लिहिता येत नाही. म्हणून मी लिहितो. राहीचं पत्र आल्यावर इकडे काय काय झालं ते सांगतो.

आधी दाजी भडकला. म्हणाला, शब्द दिल्यावर आता परीक्षा कसली घेता? काशीरामने त्याला परीक्षेचं काही सांगितलंच नव्हतं, फक्त मुलगी बघायला या म्हटलं होतं. पण दाजी हुशार आहे, त्याला वास आला. दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. मग मीच म्हटलं, "दाजी, तुझ्या भाच्याला सांगायचं ते सांग, पण मुलगी न बघता लग्न झालं तर उद्या तूच म्हणशील, कोकण्यांनी काय गळ्यात मारलं बघा." त्यावर तो हसला आणि कार्ड टाकलं.

काल दोघे मुंबईत आले. खंडूने दाजीला आत नेऊन विचारलं, मला तिकडे कशाला बोलावलंय ते खरं सांगा. दाजीला ठाऊक होतं तेवढं त्याने सांगितलं. गंगुबाईंना काही ठाऊक नाही. त्यांना मी आज धक्क्यावर नेलं. दर्या पाहून म्हणाल्या, "एवढं पानी. पेतात का?" म्हटलं, नाही मावशी, खारं असतं. म्हणाल्या, "मंग आमच्यापेक्षा तुमी काय श्रीमंत?"

शनिवारच्या बोटीने मी त्यांना घेऊन येतो. काशीरामला रजा नाही, आणि खरं सांगायचं तर तो तिथे नसलेला बरा. तो राहीच्या आधी रडेल.

बोटीत म्हातारीला उलट्या होणार. लिंबं तयार ठेवा.

केरू

रत्नागिरी,
१ एप्रिल १९३५

चि. काशीराम,

पाहुणे काल सकाळी सुखरूप उतरले. पडावातून धक्क्यावर येताना गंगुबाईंनी केरूचा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठलेत. केरू तुला ते दाखवीलच. लिंबं उपयोगी पडली.

तुझा हात कसा आहे ते दुसऱ्याकडून तरी लिहवून पाठव.

दुपारी विसावा घेऊन झाल्यावर राहीला पुढे बोलावलं. गंगुबाईंनी रीतीप्रमाणे सगळं विचारलं. रांधता काय येतं, शिवता येतं का, चालून दाखव. राहीने सगळं केलं. त्यांना ती पसंत पडली हे दिसतच होतं. त्यांनी हाताशी बसवून घेतली आणि बटव्यातून सुपारी काढून ताटात ठेवली. तेव्हा राहीने विचारलं. आवाज चढा नव्हता, पण स्पष्ट होता.

"मी आल्यावर घरात पाणी कोण आणणार?"

गंगुबाई हसल्या. "हे काय इचारनं झालं पोरी? सून कशाले असते?"

मी तोंड उघडणार होते. केरूने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणून गप्प राहिले. खंडू खाली बघत होता. काशीराम, तेवढ्या वेळात मला वाटलं, संपलं. राहीने चहाचे पेले गोळा करायला घेतले होते.

मग तो म्हणाला, "माय, पानी मीच आनणार. ती आली तरी."

"लोकं हसतीन."

"हसतातच की."

गंगुबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागाने नव्हे. आपण इतके दिवस एक ओझं उतरवायला धडपडत होतो आणि ज्याच्या खांद्यावर ते होतं तोच उतरवू देत नाही, असं त्यांना झालं असावं. नंतर एवढंच म्हणाल्या, "मंग मी देवाले सून कोनासाठी मांगत होते?" सुपारी ताटातच राहिली.

राही आत गेली ती रडत होती. मी विचारलं, का गो, म्हणाला ना तो? म्हणाली, म्हणूनच.

आज दिवसभर गंगुबाईंनी लग्नाचा शब्द काढला नाही. पण रुसून बसल्या नाहीत. माझ्या चुलीपाशी आल्या, राहीची भाकरी बघितली, पीठ तिच्या हातातून काढून घेतलं आणि आधण कसं घालायचं ते दाखवलं. पाचवी भाकरी मोडली नाही. खंडू आणि केरू सकाळी बंदरावर होते, दुपारी परतले. आमच्या बाजूच्या विहिरीवरून खंडूने दोन हंडे आणले, तेव्हा शेजारच्या कमळाबाईने मला कुंपणावरून विचारलं, पाहुण्यांना पाण्याला लावलंत होय? गंगुबाईंनी ते ऐकलं.

दिवेलागणीला त्या मागच्या ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. आपणहून म्हणाल्या, "माह्या सासूनं एक डाव जरी म्हटलं असतं, राहू दे आज." वाटीत थोडंच तेल उरेपर्यंत चोळत राहिल्या. मग राहीला हाक मारून वाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, पाठीला मला हात पोचत नाही.

त्यांची बोट उद्या दुपारी आहे. आपल्याकडून जे म्हणायचं ते म्हणून झालंय, आता त्यांनी बोलायचं. सुपारी अजून ताटात, देवाजवळ. आत्ता मी लिहायला बसले तेव्हा आत डोकावून विचारत होत्या, घरात अडकित्ता आहे का? मी म्हटलं, आहे की, पान लावू का? म्हणाल्या, पान नको. सकाळी लागंल.

गोदा